पत्रांची पेटी आणि घरच्यांच्या मागण्या

गेल्या श्रावणांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपलीं होतीं आणि आम्ही ओसरीवर सुपारी कातरीत बसलों होतों. पुण्याहून आलेला पुतण्या सहज म्हणाला, “काका, आपण ज्या थंडरबर्डवर ईमेल वाचतां, त्याचे कर्ते लोकांस विचारीत असतात कीं, यांत आणखी काय सुधारणा हवी? तुमचें कांहीं म्हणणें असेल तर सांगा, मी इंग्रजींत करून कळवितों.” आम्हीं अडकित्ता खालीं ठेवला. चौतीस वर्षें शाळेंत मुलांस पत्रलेखन शिकविलें. मायना, मजकूर आणि समाप्ति यांवर शेंकडों वह्या तांबड्या केल्या. परंतु पत्रासंबंधीं आमचें स्वतःचें मागणें काय, असें आजवर कोणीं विचारल्याचें स्मरत नाहीं.

ज्या वाचकांस हें नांव नवें असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. आजकाल बहुतेक लोक आपलीं पत्रें कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन वाचतात. म्हणजे टपाल पोस्टांतच राहतें आणि आपण खिडकीशीं जाऊन पाहून येतों. थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम तें टपाल घरीं आणून आपल्या संगणकांत लावून ठेवतो. मोझिला या संस्थेनें २००३ च्या जुलैंत त्याची पहिली कच्ची आवृत्ति काढली, आणि ७ डिसेंबर २००४ रोजीं पक्की. २०१२ सालीं त्याच संस्थेनें, आतां यांत नवें फारसें करावयाचें नाहीं, डागडुजी तेवढी करूं, असें जाहीर केलें. पण वापरणारे हटले नाहींत. २०२० पासून हें काम मोझिलाच्याच एका स्वतंत्र कंपनीकडे असून तें मुख्यत्वें लोकांच्या देणग्यांवर चालतें. २०२२ या एका वर्षांत ६० लाख डॉलरांहून अधिक देणग्या जमल्या. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठीं लोक इतकें देतात, तेव्हां तिच्याविषयीं त्यांचें कांहीं मागणें असणारच.

पुतण्याची स्वतःची मागणी अशी कीं, एका विषयावरचीं आलेलीं आणि गेलेलीं पत्रें एकाखालीं एक, संभाषणाप्रमाणें दिसावीं. २००४ सालीं जीमेल निघाला तेव्हांपासून लोकांस ही संवय लागली आहे. आपल्याकडे आलेल्या पत्रांचा धागा लागतो, पण आपण दिलेलें उत्तर सामान्यतः ‘पाठविलेलीं पत्रें’ या निराळ्या कप्प्यांत जाऊन बसतें. प्रश्न ओसरीवर आणि उत्तर माजघरांत, असा प्रकार होतो. हें त्यानें समजावून सांगितलें तेव्हां एक गोष्ट आम्हांस फार आवडली. प्रत्येक ईमेलच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा एक क्रमांक असतो, आणि उत्तराच्या माथ्यावर तें कोणत्या क्रमांकास उत्तर आहे हें लिहिलेलें असतें. आपण कचेरीच्या पत्रांत ‘आपलें पत्र जावक क्रमांक अमुक यास अनुसरून’ म्हणून लिहितों, तसेंच हें. वाचणाऱ्यास तें दिसत नाहीं इतकेंच. म्हणजे पत्रानें आपलें गोत्र आणि प्रवर आधींच सांगितलेलें आहे. प्रोग्रॅमनें त्यास योग्य पंक्तींत बसवावें एवढेंच मागणें.

धाकटे बंधु म्हणाले, “गेलेलें पत्र परत बोलावितां आलें पाहिजे.” हें म्हणतांना त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं, आणि आम्हींहि सुपारींतून मान वर केली नाहीं. वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. चार वर्षांपूर्वीं शेतांतील विहिरीच्या पाळीवरून घरांत कांहीं बोलणें चाललें होतें. आम्हीं पुतण्यास पत्र लिहिलें कीं, तुझ्या धाकट्या काकांचा हिशेब नेहमीं त्यांच्याच बाजूस झुकलेला असतो. पत्त्याच्या जागीं नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें घातलीं. उरलेलें नांव यंत्रानें आपण होऊन पुरें केलें, आणि तें नांव पुतण्याचें नव्हतें. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याच्याच हातीं तें पत्र, एकाच छपराखालीं, क्षणांत जाऊन पडलें. दोष यंत्राचा नव्हे, आमच्या घाईचा. पण पुढें दोन महिने एका पंक्तीस बसून आम्हां दोघांत ‘मीठ इकडे द्या’ यापलीकडे भाषण झालें नाहीं.

परत बोलावणें मात्र अशक्य आहे. १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं ईमेल पोंचविण्याचे जे नियम लिहून ठेविले, त्यांप्रमाणें एका सर्व्हरनें पत्र दुसऱ्याच्या हवालीं केलें कीं पहिल्याचा त्यावरील ताबा संपला. जीमेलांत पाठविलेलें परत घेण्याची सोय २००९ सालीं प्रयोगादाखल आणि २०१५ सालीं सर्वांसाठीं झाली. तीहि खरोखर परत बोलावणें नव्हे. पत्र पांचपासून तीस सेकंदांपर्यंत दाराशीं थोपवून धरणें होय. तीस सेकंदांत आमचा चष्मासुद्धां सांपडत नाहीं. थंडरबर्डांत ‘नंतर पाठवा’ असें म्हटलें तर पत्र जावक पेटींत थांबतें, पण तें दर खेपेस आठवणीनें करावें लागतें, आणि रागाच्या भरांत लिहिणाऱ्यास आठवण कोठून असणार? तेव्हां आमची मागणी अशी लिहून घेतली कीं, प्रत्येक पत्र आपोआप किती मिनिटें थांबवावें हें ज्याचें त्यास एकदांच ठरवितां यावें. आम्हीं पंधरा मिनिटें मागितलीं. धाकट्या बंधूंनीं तीस म्हटलीं.

नववींतल्या नातीस काळी पार्श्वभूमि हवी होती. ती आधींच आहे असें कळल्यावर तिची मागणी संपली. सूनबाईंस पंचांग आणि पत्रें एकाच खिडकींत हवीं. तीं आतां तशीं असतात. ‘सोबत जोडलें आहे’ असें लिहून जोडावयाचेंच विसरणें हा मात्र घरांत सर्वांसच जडलेला रोग आहे, आणि त्यावर थंडरबर्डांत एक उपाय आहे. पत्रांत ‘अटॅच्ड’ यासारखा शब्द आढळला आणि जोडलेलें कांहीं नसलें, तर तो पाठविण्यापूर्वीं आठवण देतो. शब्दांची ती यादी ज्याची त्यास वाढवितां येते. आम्हीं तींत मोठ्या उत्साहानें ‘सोबत’ घातला. नंतर ‘जोडणें’ घालावयास गेलों तों व्याकरण आडवें आलें. फोटो जोडला, यादी जोडली, पत्र जोडलें, दाखले जोडले, जोडीत आहें, जोडून पाठवितों. इंग्रजींत एका शब्दावर भागणारें काम, आमच्या धातूचीं रूपें घालतां घालतां पान भरलें. हीं रूपें प्रोग्रॅमनेंच ओळखावीं, असें पुतण्याच्या कागदावर आलें.

एका संगणकावर चार माणसांचीं पत्रें ज्या घरांत येतात तेथें आणखी एक अडचण असते. थंडरबर्डांत एक मुख्य पासवर्ड घालतां येतो, पण तो साठविलेल्या पासवर्डांस कुलूप लावतो, आलेल्या पत्रांस नव्हे. खुर्चीवर बसेल त्यास तीं वाचतां येतात. पेटीस कुलूप असावें ही मागणी फार जुनी आहे असें पुतण्या म्हणाला. तूर्त संगणकांतच प्रत्येकाचें खातें निराळें काढून आम्ही भागवितों.

इतका वेळ वहिनी उंबऱ्याशीं बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “भावजी, यांचीं पत्रें त्यांत कां हो दिसत नाहींत?”

ओसरी एकदम शांत झाली. आमचे वडीलबंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणे, ते दोन वर्षांपूर्वीं निवर्तले. शेवटचीं अठरा वर्षें त्यांनीं कुलवृत्तान्ताचें काम केलें, आणि तें सगळें ईमेलवर. इंदूरची शाखा, बडोद्याची शाखा, अमेरिकेंत गेलेल्यांचीं मुलें, कोणाचा जन्म कोठें झाला, कोणी दत्तक गेला, कोणत्या घरांत देवांचा टांक कोणाकडे राहिला, हें ते रोज सकाळीं स्नानानंतर विचारीत आणि आलेलीं उत्तरें तशींच संगणकांत ठेवीत. छापील पुस्तक व्हावयाचें राहिलें. त्यांचा प्रोग्रॅम निराळा होता. बनविणाऱ्यांनीं तो केव्हांच सोडून दिलेला. नव्या संगणकावर तो उघडेना, आणि आम्हांपैकीं कोणासहि त्या पत्रांपर्यंत पोंचतां येईना.

दिवाळीच्या सुट्टींत सूनबाई त्यामागें लागल्या. त्या संगणकाच्याच कामांत असतात. जुन्या यंत्रांतून त्यांनीं एक फाइल काढली आणि ती साध्या मजकुराप्रमाणें उघडून आम्हांस दाखविली. आम्ही थक्क झालों. एखाद्या रोजकीर्दीप्रमाणें एका पत्राखालीं दुसरें, त्याखालीं तिसरें, अशीं हजारों पत्रें एकाच लांब फाइलींत. प्रत्येकाच्या आरंभीं ‘फ्रॉम’ हा शब्द. या पद्धतीस ‘एमबॉक्स’ म्हणतात, ती युनिक्सच्या जुन्या काळापासून चालत आलेली आहे आणि कोणाच्या मालकीची नाहीं. थंडरबर्डहि मुळांत तीच वापरतो. म्हणून ती फाइल त्याच्या स्थानिक कप्प्यांत नेऊन ठेवितांच दादांचीं पत्रें तारखेप्रमाणें ओळीनें उभीं राहिलीं. चित्रें आणि वंशवृक्षांचे फोटोसुद्धां आंतच होते. १९९२ सालीं ठरलेल्या पद्धतीप्रमाणें चित्राचें अक्षरांत रूपांतर करून तें पत्राच्याच पोटांत ठेवितात. तीन बाइटांच्या जागीं चार अक्षरें लागतात, म्हणून पत्र तिसऱ्या हिश्शानें फुगतें, पण चित्र पत्रापासून तुटत नाहीं.

आम्हांस तेव्हां कळलें कीं, सगळ्या मागण्यांत पहिली मागणी कोणती. पत्रें कोणत्याहि काळीं, कोणत्याहि प्रोग्रॅमनें वाचतां येतील अशा उघड्या रीतीनें ठेवावीं, आणि तीं सर्व एका हुकुमानें बाहेर काढून वारसाच्या हातीं देतां यावीं. याची हमी सर्वत्र नसते. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत सगळीं पत्रें ज्या फाइलींत राहात, तिला दोन गिगाबाइटांची सीमा होती. ती ओलांडली कीं फाइल उघडणें मुष्कील होई. त्या फाइलीची रचना मायक्रोसॉफ्टनें २०१० सालीं प्रसिद्ध केली. विंडोजबरोबर येणाऱ्या ‘मेल’ या प्रोग्रॅमचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजीं संपला. पाठविणें आणि घेणें थांबलें, आंतलीं पत्रें बाहेर काढून नेण्याची वाट तेवढी ठेविली. ज्यांस ती वाट सांगणारी सूनबाई घरांत नाहीं, त्यांनीं काय केलें असेल? थंडरबर्डांत २०२२ च्या १०२ व्या आवृत्तींत सर्व संग्रह बांधून नेण्याची सोय आली, पण दोन गिगाबाइटांवरील संग्रह हातानेंच उचलावा असें त्यांतहि सांगितलेलें होतें. दादांची एकटी फाइल तीन गिगाबाइटांची. गूगलच्या खात्यास आपल्या पश्चात् कोणास काय द्यावें हें लिहून ठेवितां येतें, ही सोय २०१३ पासून आहे. संगणकांतील पेटीस अशी सोय असावी, असें वहिनींनीं स्वतः सांगून लिहवून घेतलें.

सगळेंच मिळालें असें नाहीं. दादांनीं आपल्या प्रोग्रॅमास अशी आज्ञा दिलेली होती कीं, पत्र घरीं आणल्यावर सर्व्हरवरील प्रत काढून टाकावी. त्या काळीं सर्व्हरवर जागा थोडी असे, म्हणून पुष्कळ लोक तसें करीत. २०११ ते २०१३ या काळांतील पत्रें ज्या डिस्कवर होतीं ती बिघडली, आणि मागें दुसरी प्रत नव्हती. इंदूरच्या शाखेची बहुतेक माहिती त्यांतच. ज्या काकूंनीं ती कळविली होती त्या आतां हयात नाहींत. नवें खातें जोडतांनाच प्रोग्रॅमनें साध्या भाषेंत विचारावें कीं, ‘ही एकुलती एक प्रत होणार आहे, चालेल काय?’ एवढा प्रश्न त्या वेळीं पडद्यावर आला असता तर दादा थबकले असते, इतका आम्ही त्यांस ओळखतों.

मिळालेल्या पत्रांपैकीं २००८ पूर्वींचीं कित्येक पत्रें आम्हांस वाचतां येईनात. त्यांत देवनागरी नव्हती, इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गलका होता. त्या दिवसांत मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच घरांत आपलीं अक्षरें बसविलेलीं असत. तो टंक संगणकावर नसला कीं ‘श्री’च्या जागीं भलतेंच दिसे. युनिकोडांत देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती घरोघरच्या संगणकांत पोंचावयास पुढें बरींच वर्षें लागलीं. सूनबाईंनीं तीं पत्रें यंत्रानें पालटून दिलीं आणि आम्हीं तपासलीं. ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षरें यांचा यंत्रानें इतका विचका केला होता कीं, तीन महिने आम्ही पुन्हां मास्तर झालों.

आतां शोधण्याविषयीं. येथें आम्हांस अधिकारानें बोलतां येतें. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पुढें पाठशाळेंत जें शिकलों तें संस्कृत. दादा आमच्याहून पुष्कळ मोठे. त्यांनीं १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नव्या नियमांपूर्वीं अक्षर गिरविलें आणि जुने अनुस्वार जन्मभर सोडले नाहींत. आम्हांसहि तेंच वळण त्यांच्याकडून लागलें, हें या पानाच्या वाचकांस ठाऊकच आहे. आतां अक्षरास अक्षर जुळवून पाहणाऱ्या यंत्रास नातीनें ‘घरात’ असें विचारलें, तर दादांचें ‘घरांत’ तें कसें दाखविणार? दादा ‘कुलवृत्तान्त’ लिहीत, बडोदेकर ‘कुलवृत्तांत’ लिहीत. परसवर्ण आणि अनुस्वार यांत आम्हांस भेद वाटत नाहीं, यंत्रास ते दोन निराळे शब्द. ‘पुणे’ म्हणून शोधावें तर ‘पुण्यास’ आणि ‘पुण्याहून’ हातीं लागत नाहींत, कारण सामान्यरूप होतांना ‘णे’चा ‘ण्या’ होतो. आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांतला तो पापणीसारखा अर्धा र! सूनबाईंनीं दाखविलें कीं, तो युनिकोडांत दोन निराळ्या रीतींनीं लिहितां येतो. डोळ्यास दोन्ही सारखे, यंत्राच्या पोटांत निराळे. एका वडीलधाऱ्या आप्तांचा जन्म ‘साताऱ्यास’ झाल्याचें पत्र यामुळें आम्हांस आठ दिवस सांपडलें नाहीं, आणि तें सारा वेळ डोळ्यांसमोर होतें. नवे रंग आणि नव्या खिडक्या मागणाऱ्यांनीं मागाव्या. आम्हीं पुतण्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांनीं घातलें कीं, शोध घेतांना अनुस्वार आणि परसवर्ण एक मानावे, दोन्ही र एक मानावे, आणि नामाचें सामान्यरूप ओळखावें. हें इंग्रजींत कसें सांगावें याची पुतण्यास काळजी पडली. आम्हीं त्यास चार उदाहरणें करून दिलीं.

एक प्रसंग सांगावा कीं नाहीं याचा आम्हीं विचार केला, आणि वहिनींस विचारून तो लिहीत आहों. एमबॉक्सच्या पद्धतींत पत्र पुसलें तरी तें सामान्यतः लगेच जात नाहीं. त्याच्यावर पुसल्याची खूण होते आणि तें यादींतून अदृश्य होतें; फाइल ‘कॉम्पॅक्ट’ करावी तेव्हांच तें खरोखर नाहींसें होतें. दादांनीं ती फाइल कधींच कॉम्पॅक्ट केली नव्हती. त्यामुळें त्यांनीं पुसलेलीं त्रेचाळीस पत्रें सूनबाईंच्या पडद्यावर आलीं. धाकटे बंधु म्हणाले, यांत इंदूरचें कांहीं असेल, पाहूं. आमचेंहि मन तिकडेच धांवलें. वहिनी म्हणाल्या, “त्यांनीं पुसलें तें पुसलेलें असूं द्या.” कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें त्याच म्हणाल्या कीं, पाठविणाऱ्यांचीं नांवें तेवढीं पाहा. नांवांत तीन इंदूरचीं निघालीं, २०१४ सालचीं. तीं तीन उघडलीं. एकांत त्या शाखेच्या दोन पिढ्यांचीं नांवें होतीं, सालें नव्हतीं. उरलेलीं चाळीस न वाचतां सूनबाईंनीं वहिनींच्या समक्ष फाइल कॉम्पॅक्ट केली. पुसा म्हटल्यावर प्रोग्रॅमनें काय केलें आणि काय केलें नाहीं, हें त्यानें पुसणाऱ्यास स्पष्ट सांगावें. दादांस हें ठाऊक नव्हतें.

त्यांच्या अपुऱ्या पत्रांच्या कप्प्यांत एकच पत्र सांपडलें. तें आम्हांस लिहिलेलें होतें, २०१९ च्या पावसाळ्यांतलें. विषयाच्या जागीं ‘आत्या’ आणि खालीं दीड ओळ: धाकट्या आत्याची तिथि तुला आठवते काय, माझ्या टिपणांत. पुढें कांहीं नाहीं. आम्ही त्या वेळीं पलीकडच्याच खोलींत असूं. कोणी हांक मारली असेल, वीज गेली असेल, आणि पत्र राहून गेलें तें बरींच वर्षें तसेंच पडून होतें. अर्धवट राहिलेल्या पत्राची आठवड्यानें आठवण द्यावी, ही मागणी कागदावर सर्वांत शेवटीं आहे. आत्याची तिथि वैशाख वद्य द्वितीया. ती आम्हीं कुलवृत्तान्तांत घातली.